गोड्या पाण्यातला चारा

३ एप्रिल

शुगर वाढली म्हणून आहार सांगणाऱ्या ऋतिका मॅडमनी हुकूम काढला, जे जे तोंडात जाईल ते रोज लिहा आणि पुढच्या वेळी आणून दाखवा. त्यांना दाखवायची वही मी वेगळी केली आहे. तिच्यात दुधी, पडवळ, नाचणीची भाकरी असं सज्जन माणसासारखं लिहितो. ही डायरी ट्रान्सपोर्टवाल्याने नवीन वर्षाला दिलेली. हिच्यात खरं लिहिणार.

आज खाल्लं: सकाळी घावणे आणि साखरेचा चहा. दुपारी सुक्या बोंबलाचं कालवण आणि भात, भात दोनदा वाढून घेतला.

शुगर कशाने वाढली ते मॅडमना सांगितलं नाही. मृणालीने वाढवली. पाडव्याला श्रीखंड वाढता वाढता म्हणाली, बाबा, मला मिथुनशी लग्न करायचंय. हा मिथुन मानकोलीच्या गोडाऊनमध्ये हिच्या वरचा साहेब. ते गोडाऊन माझ्याच जमिनीवर उभं आहे, म्हणजे जागा पण मीच दिली म्हणायची. मुलगा शिकलेला आहे, पगार आहे, व्यसन नाही. पण आपल्यातला नाही. नारपोलीत राहतात, आणि त्यांच्या भिंतीवर कोणाचे फोटो असतील ते मला सांगायला नको. आम्ही आगरी. गावात आम्हाला मान आहे, भावकी आहे, मृणाली जन्मली त्या दिवसापासून तिची हळद कशी करायची ते माझ्या डोक्यात ठरलेलं आहे.

मी नाही म्हटलं. ती म्हणाली, नोटीस लावलीय, मे महिन्यात रजिस्टर करणार, तुम्ही आलात तर बरं वाटेल. बरं वाटेल! जशी काय शेजाऱ्याला पूजेला बोलावते. तेव्हापासून मी तिच्याशी बोलणं बंद केलं आहे. एका घरात राहून न बोलणं सोपं नाही. मीठ हवं असलं तरी गुणाबाईमार्फत मागावं लागतं.

गुणाबाई, म्हणजे माझी बायको, म्हणते, "माणसं तरी बघून या एकदा." म्हटलं, त्यांच्या दारात मी पाय ठेवणार नाही. तर म्हणाली, "दारात नका ठेवू. मुलाचा बाप सोमा रोज सकाळी पडघ्याच्या पुढच्या पाझर तलावावर गळ टाकून बसतो. लांबून बघा."

तिला एवढी माहिती कुठून ते विचारायचं राहिलं. पण मुद्दा बरोबर आहे. तळं काही कोणाचं घर नाही.

५ एप्रिल

रॉड आणला, रील आणलं, तंगूसाची दोरी आणली, शिसं आणलं. दुकानदार शिकवायला लागला, त्याला म्हटलं, बाबा रे, आम्ही खाडीवर जन्मलो. माझा बाप पाग फेकायचा तर चांदणं उलटल्यासारखं जाळं पडायचं. तळं म्हणजे आमच्यासाठी बादली.

आमिषाला ताजी कोलंबी घेतली, टपोरी. कोलंबी नाकारणारा मासा मी अजून पाहिला नाही.

उजाडता पोचलो. पाणी बरंच उतरलं आहे. काठाला चिखलाची साय आणि मधे हिरवट पाणी. गाडी बाभळीखाली लावली. सोमा लगेच ओळखू आला, कारण बाकी तिघे पोरगेले होते. साठीचा, बारीक, डोक्याला गमछा, रंगाच्या रिकाम्या बादलीवर बसलेला. मी त्याच्या शेजारी अंतर ठेवून बसलो. तो एकदा माझ्याकडे आणि बराच वेळ माझ्या गाडीकडे बघत होता. गाडी आहेच बघण्यासारखी. मागच्या काचेवर 'आई एकवीरेची कृपा' आणि खाली मोठ्या सोनेरी अक्षरांत 'मृणाली – कुणाल'. सगळ्यांच्याच गाडीवर पोरांची नावं असतात, पण आमची अक्षरं रात्री चमकतात.

त्याने नाव विचारलं. मी सावध होतोच. म्हटलं, भाऊ. धंदा? लूमचे स्पेअर पार्ट. तो म्हणाला, "मी सायझिंगला होतो. लूमवर जायच्या आधी सुताला खळ लावतात, ते काम. आता रिटायर." मी म्हटलं, असं का. आपण कोण ते त्याला कळलं नाही आणि तो कोण ते मला ठाऊक आहे, या गोष्टीची वेगळीच मजा असते.

माझ्या गळाकडे बघून म्हणाला, "कोलंबी? हितला मासा भाजीपाला खानारा हाय, भाऊ. रोहू, कटला. पीठ मागतात."

माशाने पीठ मागायचं! मग खाणाऱ्याने काय मागायचं? मी कोलंबीच टाकली. एक खेकडा लागला, तोसुद्धा काठावर आल्यावर सोडून गेला.

मग त्याने थर्मासमधून चहा ओतून माझ्यापुढे धरला. म्हटलं, घेत नाही. म्हणाला, शुगर हाय का? म्हटलं, हो. म्हणाला, बिनसाखरेचा हाय. म्हटलं, तरी नको. मग तो स्वतःच प्यायला.

घरी येऊन दोन कप घेतले.

८ एप्रिल

आमिष: कोलंबी. मासे: नाही. कोलंबी उन्हाने वास मारायला लागली, शेवटी कुत्र्याने खाल्ली. म्हणजे एक गिऱ्हाईक मिळालं.

सोमाला पाच-सहा रोहू लागले. त्याचं पीठ असं: मैदा, शेंगदाण्याची पेंड, भाजलेल्या मेथीची पूड, चिमूटभर हिंग, आणि घट्टपणाला सायझिंगची खळ, ती जुन्या दोस्ताकडून आणतो. खळीमुळे गोळा पाण्यात पटकन विरघळत नाही. मला अर्धा गोळा देत होता. घेतला नाही. आपण बघायला आलो आहोत, शिकायला नाही.

उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, मासा खाली खोल जातो. खातो तो सकाळी ऊन चढेपर्यंत आणि पुन्हा ऊन उतरल्यावर. मधल्या वेळात त्याच्या तोंडाजवळ बिर्याणी नेली तरी बघत नाही. हे सोमाने सांगितलं. मी म्हटलं, मला माहीत आहे.

ऊन फार होतं, डोकं धरलं. त्याने पुन्हा चहा विचारला. घेतला, पण माझ्या बाटलीच्या झाकणात. झाकण लहान असल्यामुळे चार वेळा ओतावा लागला. चारही वेळा त्याने झाकणाकडे बघून ओतला. चहा चांगला होता. आलं जास्त.

१४ एप्रिल

गेलो तर बादलीची जागा रिकामी. बसलो. बऱ्याच वेळाने आठवलं की आज जयंती आहे, तो कशाला येतोय. पडघ्याच्या नाक्यावर निळे झेंडे लागलेले येताना मी बघितले होते, तरी डोक्यात शिरलं नाही.

ते तिघे पोरगे मोबाईलवर गाणी लावून बसले होते. त्यांना म्हटलं, आवाजाने मासा पळतो. एक म्हणाला, अंकल, तुमचा तर आवाज नसतानाही येत नाही. च्यायला, आजकालची पोरं.

लवकर परत आलो. करमलं नाही, हे लिहायला हरकत नाही, ही वही मॅडम बघणार नाहीत.

१७ एप्रिल

आज सोमाने गळ काढलाच नाही. नुसते पेंडीचे आणि कोंड्याचे मोठे गोळे करून एकाच जागी फेकत बसला. म्हटलं, हे काय? म्हणाला, "जागा चारतोय. उन्हात मासा खानं कमी करतो, इकडंतिकडं फिरतो. मग आधी त्याला रोज एका जागी खाऊ घालायचं. गळ दाखवायचाच न्हाय. त्याला वाटलं पायजे का ही आपली बसायची जागा हाय. इसरला पायजे का आपन त्याला धरायला बसलोय."

"आणि मग?"

"मग कवातरी बारकासा गळ."

मी म्हटलं, मासा म्हणजे अगदीच मूर्ख जनावर. तो म्हणाला, मूर्ख न्हाय, भाऊ, भुकेलं असतं.

मग त्याने डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी. म्हणाला, घ्या, जास्तीची हाय. चटणीचा वास काय होता म्हणून सांगू! अर्धी भाकरी घेतली, मग उरलेली अर्धी. लसूण ठेचून, वर कच्चं तेल, अगदी माझी आई करायची तशी. त्याच्या बायकोचं नाव द्रौपदी. बाईच्या हाताला चव आहे, हे कबूल करावं लागेल.

घरी जेवलो नाही, तर गुणाबाईने का म्हणून विचारलंसुद्धा नाही. एरवी अर्धी पोळी कमी खाल्ली तर डॉक्टरला फोन लावते.

२२ एप्रिल

तळ्यावर गेलो नाही. घरी कटकट.

मृणाली दोन साड्या घेऊन समोर उभी राहिली. एक पांढरी, सोनेरी काठाची, एक मोरपिशी. म्हणाली, "बाबा, कोणती?" मी गुणाबाईला म्हटलं, "तिला सांग, मला साड्यांतलं कळत नाही." गुणाबाई म्हणाली, "ती इथेच उभी आहे, ऐकतेय." मी म्हटलं, "तरी सांग." मृणाली साड्या घेऊन आत गेली. लहान असताना चप्पल घ्यायला गेलो तरी ही पोर मला विचारल्याशिवाय रंग ठरवायची नाही.

आज खाल्लं: काही नाही. खरोखर.

२६ एप्रिल

मासा लागला! तिलापी, तळहाताएवढी, पण लागली. आमिष: सोमाचं पीठ. (स्वतः मळलं. पेंड त्याची.) त्याने टाळी दिली. मी पण दिली.

आता माझी बादली पण आणली आहे. शेजारी शेजारी बसतो. पाण्यात बारीक बुडबुडे येतात ते बघायचे. एका रांगेत आले की खाली मृगळ मासा चिखल उकरतोय. असं कोणी सांगितल्याशिवाय दिसत नाही आणि दिसायला लागलं की दुसरं काही दिसत नाही.

डब्यात आज निवट्यांचं कालवण. मी थक्क झालो. निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलातले मासे, आमच्या गावचे. लहानपणी चिखलात हात घालून धरायचो. आता खाडीत केमिकल, निवट्या मिळतात कुठे! नारपोलीत या बाईला कशा मिळाल्या? सोमाला विचारलं तर म्हणाला, मिळाल्या कुठूनतरी. बाजार मोठा आहे भिवंडीचा. वर मसालाही आमच्याकडच्यासारखाच, जरासा जळका. मी म्हटलं, तुमच्या मंडळींना सांगा, सगळं उत्तम, फक्त मसाला हलक्या आचेवर भाजा, माझ्या बायकोची पण हीच खोड आहे. सोमाला ठसका लागला. पाणी दिलं.

घरी आलो तर गुणाबाईच्या हाताला निवट्यांचा वास. म्हणाली, तुमच्याच शर्टाचा येतोय.

२ मे

मासे: दोन रोहू, एक मृगळ. आमिष: पिठात थोडं पिकलं केळं कालवलं, ही माझी स्वतःची कल्पना. सोमाने उद्यापासून मी पण घालतो म्हटलं.

आज त्याने सांगितलं, सायझिंगच्या मशीनच्या आवाजाने त्याचा एक कान गेला. म्हणून तो माझ्या डाव्या बाजूला बसतो, म्हणजे माझं बोलणं चांगल्या कानात जातं. मी एवढे दिवस समजत होतो की ती जागा माशांची आहे म्हणून बसतो.

माझं सगळं विचारतो. शुगर, गुडघे, माझा बाप, खाडी. मुलांबद्दल मात्र कधीच विचारत नाही. बरा माणूस आहे, भोचक नाही.

६ मे

मी जे बघायला गेलो होतो ते बघून झालं. म्हणून निकाल लिहून ठेवतो. सोमा चांगला माणूस आहे. खोटं बोलत नाही, पोरांवर ओरडत नाही, लहान मासा परत सोडतो, बायकोला फोनवर 'अहो' म्हणतो. असा बाप असेल तर मुलगा वाईट नसणार.

पण माणूस चांगला असणं वेगळं आणि सोयरा करणं वेगळं. काल भावकीतला एकजण भेटला. म्हणाला, तुळशीराम, कानावर आलंय ते खोटं आहे ना? मी म्हटलं, खोटं आहे. तोंडातून गेलं.

हे वरचं वाक्य लिहून पुन्हा वाचलं. चांगलं वाटलं नाही. खोडलं पण नाही.

९ मे

विचित्र दिवस, पण मासा मोठा.

सकाळपासून घरात धावपळ. गुणाबाईने नऊवारी काढली होती. म्हणाली, टिटवाळ्याला गणपतीला जातोय, मृणाली पण येतेय. म्हटलं, जा. स्वयंपाकघरात ती धवला गुणगुणत होती. धवला म्हणजे आमच्यात लग्नात म्हणायचं गाणं. गावात कोणाचं लग्न आहे म्हणून विचारलं तर घाईने पिशवी भरायला लागली. दारातून मृणाली परत आली आणि एकदम माझ्या पायाला हात लावला. मी पेपर वाचत होतो. पेपर खाली घ्यावा असं वाटलं, पण तोवर ती गेली. देवाला जाताना कोणी बापाच्या पाया पडतं का?

तळ्यावर सोमा माझ्या आधी बसलेला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात बूट. म्हटलं, आज काय? म्हणाला, काय न्हाय. बुटाला चिखल लागत होता, त्याला त्याचं भान नव्हतं. गळ टाकला तोही बिनपिठाचा. मीच सांगितलं, अहो, आमिष! दोनदा फोन आला, दोन्ही वेळा बघून खिशात ठेवला. डबा नव्हता.

आणि आजच माझ्या गळाला कटला लागला. रॉडची कमान झाली. तंगूसाने हात कापला. सोमा बुटासकट पाण्यात उतरला आणि जाळी खाली घातली. काय जनावर होतं! डोकंच नारळाएवढं. आम्ही दोघांनी मिळून काठावर आणला आणि धापा टाकत बसलो. मग सोमा म्हणाला, "भाऊ, एक सांगू? आज याला सोडू या."

मी म्हटलं, वेड लागलं का? सगळ्या उन्हाळ्यात एवढा मोठा हा एकच मासा!

"आजचा दिवस सोडू या. माझ्यासाठी."

आता एवढे दिवस त्याची पेंड वापरली, नाही कसं म्हणायचं! सोडला. तो गेलेल्या जागेकडे सोमा बघत बसला. डोळ्याला गमछा लावला. उन्हाने पाण्यावरून तिरीप येते, माझ्या पण डोळ्यांना त्रास होतो.

घरी पेढे होते. टिटवाळ्याचा प्रसाद. दोन खाल्ले, मग अजून एक. कोणी अडवलं नाही. मृणालीने एवढ्या उकाड्यात गळ्याला ओढणी गुंडाळलेली, बहुतेक घसा बसला. गुणाबाई कांदा चिरत रडत होती आणि हसत होती. बायकांचं मला कळत नाही.

१३ मे

काल पौर्णिमेला सोमा आला नाही. आज आला.

मासे: बघितलं नाही. आमिष: लिहायचं नाही.

जेवून झालं. रोज डबा तो घेऊन जातो, आज म्हटलं, मी विसळतो. पाण्यावर वाकलो आणि डबा उलटा झाला. तळाला कोरलेलं नाव: तुळशीराम गोमा, कुणालचे बारसे. ही भांडी मी स्वतः कोरून घेतली होती, भिवंडीच्या बाजारात दुकानाबाहेर उभं राहून. पंचवीस घरांत वाटली होती, आणि उरली ती आमच्या मांडणीवर.

डबा नेऊन सोमापुढे पालथा ठेवला. त्याने नाव वाचलं आणि सावकाश पिठाचे हात पुसले.

"कधीपासून ठाऊक आहे?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. गाडीची काच वाचली ना."

मला हसायला यायला हवं होतं. आलं नाही. "आणि डबा?"

"तुमच्या मंडळी म्हणल्या, त्यांना उन्हात उपाशी ठेवू नका. कधी त्या भरतात, कधी द्रौपदी भरते. मिथुन जाता येता आणतो. निवट्या तुमच्या घरच्या."

"आणि जवळ्याची चटणी?"

"ती आमची."

मी बादलीवर बसलो. सगळ्यांनी मिळून मला बनवलं म्हणून भयंकर राग आला होता, आणि शिव्या कुठून सुरू करायच्या तेच कळत नव्हतं. शेवटी म्हटलं, "म्हणजे तुम्ही मला चारत होता. मासा समजून."

"चारत होत्या त्या तुमच्या मंडळी," सोमा म्हणाला. "मी बघत होतो."

"काय बघत होता?"

"तुमाला. तुम्ही मला बघायला आलता, तसं मी तुमाला. मी बी पोराला न्हाय म्हणलो होतो, भाऊ. तुमाला काय वाटलं, आमाला लई हौस आली सोयरीक करायची? माझा पोरगा तुमच्या गावात जावई म्हणून जानार. त्याला तिथं कोन चहा देनार, आन कशात देनार, ते मला बघायचं होतं." त्याने माझ्या बाटलीकडे बोट दाखवलं. "ते बघितलं. झाकनात घेतलात."

त्या चार वेळा ओतलेल्या चहाचं मी माझ्याच हाताने या वहीत लिहिलं आहे, आणि लिहिताना मला वाटलं होतं की आपण फार मोठं मन दाखवलं. त्याने हे मनात ठेवून रोज माझ्यापुढे भाकरी ठेवली. मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

"मग तरी पोराला हो कसं म्हणालात?"

"तुम्ही दुसऱ्या दिवशी बी आलात. मग तिसऱ्या. मग सोताची बादली घेऊन आलात. म्हणलं, बघू."

मी विचारलं, "रजिस्टर कधी आहे?"

सोमा तंगूस गुंडाळत राहिला. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा विचारायला त्याच्या चांगल्या कानाशी सरकलो. तेव्हा म्हणाला, "झालं. नऊ तारखेला."

नऊ तारीख. कटल्याचा दिवस. इस्त्रीचा शर्ट.

"तुम्ही तर इथे होता माझ्याबरोबर!"

"हां."

"पोटच्या मुलाचं लग्न सोडून?"

"पोरगी तिथं बापाशिवाय उभी राहनार होती. मी माझ्या पोराच्या शेजारी छाती काढून उभा राहिलो आसतो तर तिला आजून दिसलं आसतं, आपला बाप आला न्हाय ते. म्हणून द्रौपदीला म्हणलं, तुम्ही जावा. मी तिच्या बापापाशी बसतो." त्याने डबा उचलून सुलटा केला. "फोन पोरीचाच येत होता. झालं म्हणून सांगायला. तुमच्यासमोर उचलता येईना."

मी रडलो. एवढा मोठा माणूस, तळ्याच्या काठावर, त्या तीन पोरग्यांसमोर. त्यांनी गाणी बंद केली. सोमाने थर्मास काढला. मी त्याच्या हातातला त्याचाच कप घेतला आणि प्यायलो. एका कपाने काही भरून येत नाही, ते मला कळतं. पण दुसरं काही हाताशी नव्हतं.

घरी येताना मानकोलीला ट्रकच्या रांगेत अडकलो. स्टिअरिंग धरून विचार केला की घरी जाऊन गुणाबाईवर कसं ओरडायचं. सगळी वाक्यं तयार केली. घरी आलो तर ती जिन्यात उभी होती, माझं तोंड बघून तिला कळलं, आणि मी फक्त म्हटलं, "मला एकदा ओढून न्यायचं होतंस." ती म्हणाली, "ओढून आणलेला बाप तिला नको होता. रडून झालं तिचं त्याच्यावर."

मृणाली खिडकीशी बसली होती. गळ्याला तीच ओढणी. पाडव्यापासून बोललो नव्हतो. पेपर पण हातात नव्हता. म्हटलं, "ओढणी काढ. उकडत असेल."

तिने गुणाबाईकडे बघितलं. गुणाबाई म्हणाली, "माझ्याकडे काय बघतेस, तुला सांगतायत." मृणालीने ओढणी काढली. मंगळसूत्र साधं आहे, काळे मणी आणि दोन वाट्या. मी असं केलं नसतं, मी गळाभर केलं असतं. पण तिला शोभतंय, हे मी तिला सांगितलं. नीट, तोंडाने, कोणामार्फत नाही. साडी कोणती नेसली होतीस म्हणून पण विचारलं. मोरपिशी, म्हणाली. मी म्हटलं, बरोबर. मग ती माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून एवढी रडली की मला तिच्या पाठीवर हात ठेवून नुसतं बसावं लागलं.

अठरा तारखेला नारपोलीला हॉलवर कार्यक्रम आहे. बुद्धवंदना, जेवण, मग तिला तिकडेच नांदायला पाठवायची. गावाला, भावकीला बोलावणं मी करीन म्हटलं. कोण येईल, कोण नाही, बघू. ज्याला मी खोटं सांगितलं होतं त्याच्या घरी सगळ्यांत आधी जाणार आहे.

मृणाली डोळे पुसून म्हणाली, "बाबा, पण तुम्ही नक्की याल ना?"

मी म्हटलं, "तुझ्या सासऱ्यांना फोन लाव. विचार, ते कार्यक्रमाला जाणार आहेत की अजून तळ्यावरच बसणार आहेत. जाणार असतील तर मला नारपोलीचा पत्ता दे, मी त्यांना घ्यायला घरी जातो. हॉलवर आम्ही दोघं एकदमच येऊ."

तिने फोन लावला. सोमाला नीट ऐकू जाईना, तिला तीनदा ओरडून सांगावं लागलं.